चौदा हिरवे चौकोन

आमच्या प्रसूतिगृहाच्या रजिस्टरमध्ये गरोदर बायकांच्या लघवी तपासणीसाठी दोन रकाने आहेत. एकावर ‘अल्ब.’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘शु.’. म्हणजे अल्ब्युमिन, हे एक प्रथिन, आणि शुगर. दोन्हींत बहुतेक वेळा ‘निल’ पडतं. इतक्या वेळा, की माझ्या हातचं ‘निल’ आता वाचताही येत नाही, एक वेलांटी आणि पुढे रेघोटी एवढंच उरलंय. १६ जुलैच्या पानावर मात्र एक्केचाळीस बायकांपैकी चौदाजणींपुढे ‘अल्ब.’च्या रकान्यात १+ किंवा २+ आहे. एरवी एका ओपीडीत असे दोन निघतात, फार तर तीन.

मॅडमनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, ते पान उचलून धरलं आणि विचारलं, “आज काय विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांनाच प्रीएक्लॅम्प्शिया झालाय का?” प्रीएक्लॅम्प्शिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढतो, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिन जातं, आणि वेळीच पकडलं नाही तर झटके येऊ शकतात.

मी इथे प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. रोज कल्याणहून येते, एकोणीस वर्षं झाली. प्रकरण माझ्याच टेबलावर घडलं आणि त्यात माझीही एक चूक आहे, म्हणून मीच लिहितेय. टोकन नंबर आणि बायकांचे काही तपशील बदलले आहेत.

सुरुवात ९ तारखेची. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. हे २०१६ पासून चालू आहे. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायका त्या दिवशी तपासणीला येतात आणि गर्दी नेहमीच्या दुप्पट होते. त्या ९ तारखेला लघवीसाठीच्या प्लास्टिकच्या डब्यांचा शेवटचा गठ्ठा संपला. मागणी केव्हाच गेली होती, माल आला नव्हता. जुलैतल्या मुंबईत एखादा टेम्पो चार दिवस उशिरा येणं ही काही बातमी नाही. आमच्या मावशींनी त्यावर परस्पर उपाय काढला. दिवसभर वापरलेल्या डब्या फेकायच्या पिशवीत न टाकता त्यांनी एका टबात जमा केल्या. पुढे काय केलं ते आम्हाला आठवडाभराने कळलं. त्या वेळी कळलं एवढंच, की शुक्रवारी ओपीडीला डब्या आहेत. कुठून आल्या, हे कोणी विचारलं नाही. सरकारी जागेत एखादी वस्तू संपली असताना अचानक मिळाली, तर माणूस चौकशी करत नाही.

१२ तारखेच्या शुक्रवारी अडतीस बायका आणि नऊ प्लस. नऊ हा आकडा मला खटकला, पण खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, टेबलाला हात लावला तर ओल लागत होती आणि स्टिकची बाटली तासभर उघडीच होती. मी सिस्टरना म्हटलं, “पावसाळ्यात स्टिका अशाच करतात. पुढच्या वेळी बघू.” सिस्टरनी केसपेपरवर ‘पुढील भेटीत पुन्हा तपासणे’ असं लिहिलं. ही माझी चूक. तिचा हिशेब पुढे येतोच.

स्टिक म्हणजे प्लास्टिकची बारीक पट्टी. आमच्याकडच्या पट्टीवर दोन चौकोन असतात, एक साखरेचा, एक प्रथिनांचा. प्रथिनांचा चौकोन कोरा असताना पिवळा असतो. लघवीत बुडवून लगेच काढायची, कडेला टेकवून जास्तीचा थेंब झटकायचा, साठ सेकंद थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. पिवळा राहिला तर निल, किंचित हिरवट झाला तर ट्रेस, हिरवा १+, त्यापुढे गडद होत होत निळसर हिरव्यापर्यंत. १+ म्हणजे ढोबळमानाने डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००.

हा हिरवा रंग कसा येतो हे समजल्याशिवाय पुढचं प्रकरण कळायचं नाही, आणि मला स्वतःला तो भाग फार आवडतो. त्या चौकोनात टेट्राब्रोमोफेनॉल ब्लू नावाचा रंग असतो आणि सोबत सायट्रेटचं मिश्रण, जे चौकोनाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३ वर धरून ठेवतं. इतक्या आंबट अवस्थेत हा रंग पिवळा दिसतो. पीएच वाढला तर तो निळा होतो. पण लघवीत अल्ब्युमिन असेल तर एक गंमत होते. अल्ब्युमिनचा रेणू रंगाच्या रेणूला चिकटतो आणि त्याच्याकडचा हायड्रोजन आयन सोडवतो. पीएच जागच्या जागी असतो, पण रंगाला वाटतं आंबटपणा कमी झाला, आणि तो निळ्याकडे सरकतो. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा. डेन्मार्कच्या सोरेनसनने १९०९ मध्ये, ज्या कामातून पीएचची मोजपट्टी दिली त्याच कामात, ही भानगड नोंदवून ठेवली होती. त्याच्या दृष्टीने ती अडचण होती, कारण प्रथिनं असलेल्या द्रावणाचा पीएच रंगावरून चुकीचा येतो. तिला नावही ‘प्रथिनांमुळे होणारी चूक’ असंच पडलं. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या एम्स कंपनीने याच चुकीवर बेतलेली अल्ब्युस्टिक्स नावाची पट्टी बाजारात आणली. म्हणजे जी चूक टाळायची होती, तीच आम्ही गेली कित्येक दशकं रोज सकाळी मुद्दाम घडवून आणतो.

यातून एक गोष्ट निघते. चौकोन प्रथिन ओळखत नाही. त्या रंगाचा हायड्रोजन कोणी सोडवला, एवढंच त्याला कळतं.

१६ तारखेकडे परत येते. मॅडमनी पान माझ्यापुढे ठेवलं तेव्हा साडेबारा वाजले होते आणि चौदाही डब्या टेबलावर होत्या. मी म्हटलं, “मॅडम, टाकून देऊ नका. मला तासभर द्या.”

पहिला संशय अर्थात स्टिकवर. बाटलीच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते. झाकण घट्ट नसेल तर ती पूड हवेतली ओल पिऊन संपते आणि मग चौकोन पितात. आमच्याकडे एक शिकाऊ मुलगी होती, तिने पहिल्याच आठवड्यात बाटलीतली ती पुडी ‘कचरा’ म्हणून काढून टाकली होती. तिला दोष देत नाही, बुटांच्या खोक्यातही तशीच पुडी असते. पण या वेळी स्टिकचा दोष नव्हता. डिस्टिल्ड वॉटर एका काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन त्याच बाटलीतली स्टिक बुडवली. पिवळी. माझी स्वतःची लघवी, तीही टेस्ट ट्यूबमध्ये. पिवळी. कपाटातून नवी, सीलबंद बाटली फोडली आणि चौदांपैकी पाच नमुने पुन्हा लावले. पाचही हिरवे. जुनी आणि नवी बाटली एकच सांगत होती.

मग वाचण्यातली चूक. गर्दीत आम्ही दहा-दहा स्टिका एका ओळीत टिश्यूवर मांडतो आणि शेवटची लावून होईपर्यंत पहिलीला चार मिनिटं झालेली असतात. उशिरा वाचलेल्या चौकोनावर विश्वास ठेवायचा नसतो. शिवाय आमच्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट अशी, की तिच्याखाली पिवळी साडीही पोपटी दिसते. म्हणून मी आणि सिस्टर खिडकीशी गेलो, मोबाइलवर साठ सेकंद लावले, एकमेकींना न सांगता वाचलं. दोघींचं एकच उत्तर.

लघवी फार अल्कली झाली असेल, पीएच ८ च्या पुढे, तर सायट्रेट हार मानतं आणि प्रथिनांशिवायच चौकोन हिरवा होतो. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असला किंवा नमुना तासन्‌तास तसाच पडला तर असं होतं. पीएचचा कागद लावला. सगळ्या सहा ते सातच्या दरम्यान. गरोदरपणात अंगावरून पांढरं जातं, ते डबीत उतरलं तर खऱ्याच प्रथिनांनी स्टिक हिरवी होते, म्हणून मधल्या धारेची लघवी घ्यायला सांगतात. पण चौदाजणी एकाच दिवशी सांगितलेलं विसरल्या, हे पटण्यासारखं नव्हतं.

शेवटी मी कपाटाच्या तळातून स्पिरिटचा दिवा काढला. शिकाऊ मुलीने तो कधी पेटलेला पाहिला नव्हता.

उकळण्याची तपासणी स्टिकपेक्षा शंभराहून जास्त वर्षांनी म्हातारी. लंडनच्या रिचर्ड ब्राइटने १८२७ मध्ये सुजलेले रुग्ण आणि त्यांची बिघडलेली मूत्रपिंडं यांचा संबंध लावला, तो चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवून. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर घट्ट होतो, तोच न्याय. टेस्ट ट्यूब दोन तृतीयांश भरायची, तिरपी धरायची आणि फक्त वरचा भाग उकळायचा. खालचा भाग थंड राहतो, तो तुलनेसाठी. वर ढगाळ झालं तर ॲसेटिक ॲसिडचे तीन-चार थेंब टाकायचे. ढग विरला तर ते फॉस्फेट, राहिला तर प्रथिन. या तपासणीत कुठलाही रंग नाही, त्यामुळे रंगाला फसवणारी गोष्ट इथे फसवू शकत नाही.

चौदा ट्यूब उकळल्या. तेरा काचेसारख्या स्वच्छ. चौदाव्या नमुन्यात थोडा ढग आला आणि ॲसिडनंतरही राहिला, पण त्या बाईच्या लघवीत पू होता, आधीपासून औषध चालू होतं. म्हणजे स्टिक तेरा जणींच्या बाबतीत खोटं बोलत होती, आणि ते स्टिकच्या दोषाने नव्हतं.

एक खूण मात्र माझ्या डोळ्यांसमोर असून मी बघितली नव्हती. शेजारचा साखरेचा चौकोन. तो चौदाही पट्ट्यांवर जसाच्या तसा होता. दवाखान्यात निर्जंतुक करायला बहुतेक वेळा हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी वापरतात, आणि ब्लीच लघवीत मिसळलं तर साखरेचा चौकोन खोटा रंगतो. तो रंगला नव्हता. तेव्हा काही मिसळलं असेलच, तर ते ब्लीच नव्हे, दुसरं काहीतरी. ‘मिसळलं’ हा शब्द मनात आला आणि मी डबी उलटी करून पाहिली. बुडाशी आतून पातळ, निळसर चकाकी होती. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं.

“मावशी, या डब्या कुठल्या?”

मावशी पुसायचं फडकं पिळत होत्या. “धुतलेल्या आहेत ताई. स्वच्छ आहेत. दोन दिवस भिजत घातल्या होत्या.”

“कशात?”

“ते नवीन आलंय ना, फिनेलच्या जागी. निळं. त्याने वास राहत नाही.”

“मग नंतर पाण्याने?”

त्या थोड्या गप्प झाल्या. “पाणी कुठे होतं ताई त्या दिवशी? सकाळी तासभर आलं, ते लेबर रूमच्या पिंपात भरलं. डब्या उपड्या घातल्या, वाळल्या.”

जिन्याखालच्या कॅनवरचं लेबल वाचलं. बेंझाल्कोनियम क्लोराइड. ज्यांना क्वाटर्नरी अमोनियम संयुगं म्हणतात, त्या घराण्यातलं. जंतुनाशक म्हणून उत्तम. पण त्याच्या रेणूवर धन भार असतो, आणि आमच्या चौकोनातला रंग ऋण भार घ्यायला टपलेला असतो. दोघांची जोडी जमते, रंगाचा हायड्रोजन सुटतो आणि चौकोन हिरवा. अल्ब्युमिन जे करतं तेच. हातपाय स्वच्छ करायच्या क्लोरहेक्सिडिननेही हेच होतं, म्हणून त्याने पुसल्यावर लगेच घेतलेला नमुनाही बाद धरायचा असतो. हे सगळं स्टिकच्या बाटलीसोबतच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं आहे. तो कागद आम्ही बाटली फोडल्याबरोबर खोक्यासकट टाकतो.

पटवायला एक प्रयोग पुरला. मावशींच्या टबातली एक डबी, तीनदा नळाखाली नीट विसळलेली एक, आणि दुसऱ्या दवाखान्यातून मागून आणलेली एक कोरी. तिन्हींत डिस्टिल्ड वॉटर, पाच मिनिटं थांबून स्टिक. कोरी डबी पिवळी. विसळलेली पिवळी. मावशींच्या डबीतल्या निव्वळ पाण्याला १+ आणि २+ च्या मधला हिरवा. मावशी वाकून बघत होत्या. “पाण्यालाच आलं की हो,” असं म्हणून त्या खालीच बसल्या. त्यांना वाटलं आता मेमो येणार. मॅडमनी त्यांना चहा सांगितला. डब्या एकदाच वापरायच्या, हे त्यांना कोणी लेखी सांगितलं नव्हतं, आणि डब्या संपल्यावर काय करायचं हे तर आम्हालाही नव्हतं.

इथे प्रकरण संपलं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. तेरा बायकांना फोन करून ‘तुमचं काही नाही’ सांगायचं, रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायची, संपलं. मॅडम म्हणाल्या, “आणि शुक्रवारच्या नऊ?”

“त्याही तसल्याच असणार. डब्या त्याच होत्या.”

“असणार,” त्या म्हणाल्या. “उकळल्यात का?”

उकळायला लघवी उरली नव्हती. खोट्या हिरव्या चौकोनाने बाई घाबरते, हे नुकसान डोळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही. दोन ओपीडीत तेवीस वेळा हिरवं पाहिल्यावर आमची नजरच मरून गेली होती. त्या नऊंमध्ये एखादी खरी असेल तर तिला आम्ही शुक्रवारी एकदा ‘पावसाळा’ म्हणून सोडलं होतं, आणि आता मंगळवारी ‘डबी’ म्हणून दुसऱ्यांदा सोडत होतो. डबी खोटी होती याचा अर्थ तिच्यातली लघवी निर्दोष, असा होत नाही. तिच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मॅडमनी नऊही केसपेपर काढायला लावले आणि बीपीचा आकडा लाल पेनाने गोल केला. आठजणींचा ११० ते १२४ च्या आसपास. नववी, टोकन सत्तावीस, बावीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण, तेहतिसावा आठवडा. बीपी १३६/८८. वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त असलं तर धोक्याचं धरतात, तेव्हा हा आकडा कुंपणाच्या आत होता. मात्र पाचव्या महिन्यातलं तिचं बीपी १०४/६६ लिहिलेलं होतं. एवढी चढण कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण प्रत्येक वेळी आकडा एकटाच पाहिला गेला होता.

बुधवारी सातजणी आल्या. त्यांतली एक सासूबाईंबरोबर आली, आणि तिचा चेहरा उतरला होता. सासूबाई साताऱ्याकडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. “तुमच्याच सिस्टरनं सांगितलं, लघवीत प्रोटीन आलंय. तवापासनं अंडं बंद, डाळ बंद, शेंगदाण्याचं कूट बंद. भात नि पातळ ताक, बास.” सुनेचं वजन पाच दिवसांत पाऊण किलो उतरलं होतं. ‘लघवीत प्रोटीन’ ऐकल्यावर ‘खाण्यात प्रोटीन जास्त झालं’ असं समजणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. मूत्रपिंडाची गाळणी ढिली झाली की रक्तातलं अल्ब्युमिन बाहेर पडतं. ताटातल्या वरणाचा त्याच्याशी संबंध नाही, उलट गरोदर बाईने वरण आणि अंडं खायलाच हवं. सिस्टरनी हे तीनदा सांगितलं. तिचा नवा नमुना कोऱ्या डबीत घेतला, तो निल. सासूबाईंनी स्टिक हातात घेऊन खिडकीशी नेऊन पाहिली आणि मग सुनेला म्हणाल्या, “चल, घरी गेल्यावर दोन उकडते.”

सातही निल. आठवी गावाला गेली होती, तिला तिथल्या आरोग्य केंद्रात तपासून घ्यायला सांगितलं. सत्तावीस नंबर आली नाही. फोन लागेना.

आमच्या आरोग्यसेविका ताई गुरुवारी तिच्या घरी गेल्या. टेकडीवरची वस्ती, शेवटच्या दीडशे पायऱ्या पावसात शेवाळलेल्या. ती पडून होती, डोक्याला ओढणी आवळलेली, कपाळाला बाम. तीन दिवस डोकं दुखतंय, पण पायऱ्या उतरायची भीती वाटते म्हणून आली नाही. शिवाय सिस्टर ‘पुढच्या वेळी’ म्हणाल्या होत्या, पुढची वेळ पंधरा दिवसांनी होती. ताईंनी शेजारच्या दोन बायकांना हाताशी धरून तिला खाली आणलं आणि रिक्षात घातलं.

आमच्याकडे बीपी १५२/९८. पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा घेतलं, १५०/९६. कोऱ्या डबीत स्टिक २+. मी तरीही ट्यूब उकळली. वरचा भाग दुधासारखा झाला आणि ॲसिडच्या चार थेंबांनी त्यातलं काहीच विरलं नाही. खालचा भाग स्वच्छ पिवळा. एकोणीस वर्षांत मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, त्या दिवशी ट्यूब धरलेला हात थरथरत होता.

मॅडमनी गोळी दिली आणि रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे लघवीतल्या प्रथिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर ०.८ आलं, ०.३ आणि त्यापुढे असेल तर ते गरोदरपणात अधिक मानतात. प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या ठीक होत्या. डोकेदुखी औषधाने थांबली. लॅबेटॅलॉलवर बीपी आटोक्यात राहिलं, आठवड्यातून दोनदा तपासणी, आणि सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी, दोन किलो चारशे. झटके आले नाहीत.

मधल्या काळात एका उलट प्रकरणानेही आम्हाला चक्रावून सोडलं. १९ तारखेला एका बाईचं बीपी १४४/९२ आणि स्टिक चक्क निल. डबी कोरी, बाटली नवी, वेळ साठ सेकंद. विचारलं तर रांगेत लघवी येईना म्हणून तिने लिटरभर पाणी प्यायलं होतं. तिची लघवी पाण्यासारखी, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दाटपणाचं माप, १.००४. स्टिक दिवसभरात किती प्रथिन गेलं हे सांगत नाही, त्या डबीत किती दाट आहे तेवढंच सांगते. सरबतात पाणी ओतलं तर साखर नाहीशी होत नाही, जिभेला लागत नाही एवढंच. मला वाटलं ही लपलेली केस सापडली. दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली लघवी मागवली, गुणोत्तरही पाठवलं. दोन्ही ठीक आले. तिला नुसताच गरोदरपणातला रक्तदाब होता, प्रथिन नव्हतंच. तरीही मॅडमनी तिला सोडलं नाही, दर आठवड्याला बोलावलं. २०१३ पासून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमांतही प्रीएक्लॅम्प्शिया म्हणायला प्रथिन असलंच पाहिजे अशी अट उरलेली नाही. रक्तदाबासोबत प्लेटलेट घसरले, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं, तरी तेच नाव.

आता आमच्या टेबलावर काय बदललं, ते थोडक्यात. स्टिकच्या बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहितो. पाचापेक्षा जास्त स्टिका एका वेळी लावत नाही, याने ओपीडी अर्धा तास लांबते आणि रोज कोणीतरी कुरकुरतं. १+ आलं की तो नमुना उकळायचा, त्यासाठी दिवा कपाटाच्या तळातून वर आलाय. आणि स्टिकचा आकडा बीपीच्या शेजारीच लिहायचा, त्यासाठी रजिस्टरमध्ये मी पट्टीने एक जास्तीचा रकाना ओढला. नव्या छापील रजिस्टरमध्ये तो रकाना नाही, दर महिन्याला पुन्हा ओढावा लागतो. डब्यांचा साठा शंभरच्या खाली गेला की मागणी करायची असं ठरलं. मागणी वेळेवर जाते. डब्यांचं सांगता येत नाही.

सकाळचं पहिलं काम मात्र मावशींनी स्वतःकडे घेतलंय. त्या दिवसाच्या गठ्ठ्यातली एक डबी काढतात, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओततात, माझ्यापुढे ठेवतात आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहतात. साठ सेकंद झाले की माझ्याआधी वाचतात, “निल”. मग दार उघडतात आणि पहिलं टोकन पुकारतात.

१२ आणि १६ जुलैची पानं तशीच आहेत. चुकीच्या नोंदी खोडायच्या नाहीत असं मॅडमनी सांगितलं, म्हणून बावीस प्लसपुढे लाल शाईने बारीक अक्षरात ‘डबी’ लिहिलं आहे. सत्तावीस नंबरच्या ओळीत फक्त नवं बीपी आहे, आणि ‘पुढील भेटीत’ या शब्दांखाली मी ओढलेली रेघ.